नळीतला चाँद

खाली ताशा वाजाया लागला अन् मी मालकांच्या दुर्बिणीच्या नळीला परत डोळा लावला. काखंत गोदी, माझी धा महिन्यांची लेक, ताशाच्या ठेक्यावर माझ्या कुशीत टाचा हाणतीया. मी माळवदाच्या कठड्याला चिकटून हुभी. एकदा नळीत बघते, एकदा नळीच्या वरनं बघते. नळीत चाँद हाय. बारीक कवळी कोर, दोन्ही शिंगं वर केलेली. अन् नळी जिथं रोखलीया तिथं उघड्या डोळ्यानं बघावं तर चाँद न्हाय. तिथं शुक्राची चांदणी हाय. रोजचीच, ठसठशीत.

पुन्हा नळीत. चाँद. पुन्हा वरनं. चांदणी.

लुगड्यानं काच पुसायची न्हाय म्हनून मालकांनी किती बार बजावलं असंल, तरी पुसली. कोर जिथल्या तिथं.

माझ्या पाठीमागं अमिनाखाला बसलेली. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. सत्तरीची बाई, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. दोन्ही हात पसरून दुवा मागत हुती. दुवा सरली तशी म्हनली, "बेटी, और एक बार दिखा गे."

चाँद दिसला म्हनून घटकाभर आदी मीच वरडले हुते. माझ्या वरडण्यावर खालानं नळीत बघितलं, खालानं कठड्यावरनं हाक दिली, हाकंवर दस्तगीर मामूनं ताशा लावला, अन् आता समदी गल्ली अलाव्याकडं, मोहरमच्या आगीच्या खड्ड्याकडं, चालली हुती, पयली कुदळ मारायला. चाँद दिसल्याबिगर मारायची नसती ती कुदळ.

यंदाची सुगी आली अन् हे समदं परत अंगावर आलं बघा. ज्वारी हुरड्यात आलीया. सांच्याला रानातनं येणारीच्या पदराला भाजल्या कणसाचा वास असतो. तोंडातनं वाफ निघती. असली थंडी पडली की माझी मान आपोआप वर जाती. मोहरम दर साली धा-अकरा दिवस मागं सरकत जातो, सुगी आपली हाय तिथंच. त्या एका साली दोघं एका जाग्याला आलते. परत तसं हुईस्तवर गोदी चार लेकरांची आई झालेली असंल.

लढाईचं साल हुतं. लढाई लांब, पर घासलेट आमच्या नळदुर्गात बी मिळंना. दिवे लवकर विझायचे. बायका कुरकुर करायच्या, मी मातर मनातनं खुश. गल्ली काळी झाली की आभाळ कसं जवळ यायचं. इतक्या चांदण्या की भ्या वाटावं. तशी मी लई भित्री. पालीला भिते, ढगाला भिते, कोतवालाच्या हाकंला भिते. गोदीच्या आदी माझी दोन लेकरं गेली, तवापासनं तर सकाळी दूध उतू गेलं तरी काळीज धडधडायचं. पर नळीत डोळा घातला की तेवढा वेळ भ्या कुठं जायचं कुणास ठाऊक.

आमचे मालक घड्याळजी. चौकातल्या लिंबाखाली पेटी मांडून बसायचे, डोळ्याला भिंग लावून. सोलापूरला सामान आणाया गेले अन् जुन्या बाजारातनं ही नळी घेऊन आले, दिवाळीच्या आसपास. पितळंची, एकात एक बसणारे तीन तुकडे, ओढलं की हातभर लांब. आतली काच निखळलेली, वर हिरवा गंज. म्हैनाभर ते तिलाच चिंच लावून घासत बसले. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, म्हनायच्या की फुकणीच आणायची हुती तर गावात लोहार हाय की. मालक तिला दुर्बीण म्हनायचे, आत्याबाई नळी म्हनायच्या. माझ्या तोंडात नळीच बसलं.

पर माळवदावर नळी न्यायची म्हंजी आदी खालाकडनं परवानगी. आमच्यात रीतच हाय, गडीमाणूस माळवदावर चढायचा तर आदी खालनं वरडायचं, "वर येतोय", म्हंजी शेजारच्या अंगणातल्या बायका आडोशाला हुत्यात. नळी आली तवा गल्लीत कुजबुज झाली की घड्याळजीला आता लोकांच्या चुलीवरचं कालवण बी दिसंल. खालानं मालकांना बोलावून सांगितलं, नळी कठड्याच्या खाली वाकवायची न्हाय, आभाळाकडंच ठेवायची. मालकांनी कान धरला. तवापासनं ते दोन-दोनदा वरडायचे. मी बाईमाणूस, मला वरडायचं कारण न्हवतं. म्हनून दिवस मावळताना, ते चौकातनं यायच्या आदी, नळी माझी असायची.

पयल्या दिवशी काय दिसलं सांगू? माझीच पापणी. दुसऱ्या दिवशी चाँद दिसला पर असा नाचत हुता, जसं पाण्यानं भरलेल्या घागरीत पडलाय. हात हालतो, श्वास हालतो, काखंतली लेक हालती. मंग म्या घागरीखाली घेतो ती चुंबळ कठड्यावर ठिवली, चुंबळीत नळी बसवली, तशी नळी गप झाली. अन् चाँद बी गप झाला. आई गं. मला वाटलेलं चाँद म्हंजी ताट असंल, गुळगुळीत. त्यो कुठला ताट, त्यो तर शेणानं सारवलेल्या अंगणावानी, पावसाच्या थेंबांनी खळगे पडलेल्या. मी येवढी जोरात हसले की आत्याबाई जिन्यातनं विचारत्यात काय झालं. काय सांगू, म्हनलं चाँदाला देवी आल्त्या.

एक एक गोष्ट अशीच ठेचा खाऊन कळली. चुलीपाशी ठिवलेली नळी तशीच थंडीत नेली तर काचंवर दव धरतं, घटकाभर आदी वर नेऊन ठिवायची. चुलीतल्या जाळाकडं बघून लगेच नळीत बघायचं न्हाय, डोळ्याला काळूख ओळखू द्यायचा. खालाच्या धुराड्यावरनं बघायचं न्हाय, चांदण्या उकळत्यात. एक डोळा मिटून बघितलं की गाल दुखतो, दोन्ही उघडे ठिवायचे अन् एकानं बघायचं. पुनवेला चाँद बघू नये, नुसता पांढराफेक, काय बी कळत न्हाय; अर्धा असताना बघावा, कडंच्या खळग्यांच्या सावल्या पडत्यात. अन् दिवस पुरता बुडाल्याबिगर मावळतीकडं नळी न्यायचीच न्हाय, डोळा जाईल, हे मालकांनी गोदीच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडनं कबूल करून घेतलेलं. चांदणी नळीत घावायची न्हाय, लई वणवण व्हायची. मंग मालकांनी नळीच्या पाठीवर ज्वारीचं एक धाट सुतळीनं बांधून दिलं. धाटाच्या टोकावर चांदणी आणायची अन् मंग खाली डोळा लावायचा. घावली.

असा गुरू घावला. डोक्यावर पिवळी थोरली चांदणी, पंचांगात बघून मालक म्हनले गुरूच. नळीत बघते तर त्याच्या शेजारी बारीक बारीक ठिपके, एका दोऱ्यात ओवल्यावानी. चार. दुसऱ्या दिवशी तीन. मला वाटलं काच घाण झाली. तिसऱ्या दिवशी परत चार, पर जागा बदललेल्या. मला झोप न्हाय. भाकरी थापताना डोक्यात तेच, आज किती असतील. मालक घरात यायच्या आदी दारातच सांगायची, आज दोन हिकडं दोन तिकडं. अन् एकदा मालकांनी त्याच्याच जवळची एक चांदणी दाखवली, तिला दोन कान. मी म्हनलं ही कोण, तर म्हनले शनी. मी डोळा मिटून घेतला अन् थेट खाली गेले, मीठ-मोहऱ्या घेऊन गोदीवरनं उतरवल्या. पर दुसऱ्या दिवशी परत वर. कान बघितल्याबिगर ऱ्हावंना.

खाला हे समदं भिंतीपलीकडनं ऐकायची. तिला गंमत वाटायची. एक दिवस भिंतीवरनंच म्हनली की तिनं चाँद बघून चार-पाच सालं झाली. तिला चाँदाच्या जागी नुसता पांढरा डाग दिसायचा, कापसाचा बोळा चिकटवल्यावानी, अन् पयल्या दिवसाची बारीक कोर तर दिसायचीच न्हाय. दुसरे सांगायचे दिसला, मंग ही हात उचलून दुवा मागायची. लोकांच्या डोळ्यांवर दुवा मागते म्हनायची. उजव्या डोळ्यात थोडा उजेड बाकी हुता, त्यो बी चालला हुता. बेटी, तुज्या नळीत मला दिसंल का गे, असं तिनं इचारलं अन् मी भरमसाट हो म्हनून बसले.

अन् माझं बी काम हुतं मोहरमशी. दोन लेकरं गेल्यावर खालानंच मला अलाव्यापाशी नेलं हुतं, सवारीच्या पंजापुढं. लेकरू जगलं तर त्याला मोहरमात फकीर करीन म्हनून मी नवस बोलले. हिरवं कापड घालायचं, गळ्यात दोरा, पाच घरं मागायचं. आमच्या गल्लीतली निम्मी हिंदूंची लेकरं अशी फकीर झालेली हायती. गोदी जगली. त्या साली तिचा पयला मोहरम. चाँद दिसला की अलाव्याच्या खड्ड्याला कुदळ, अन् कुदळीपासनं दिवस मोजायचे, अमक्या दिवशी फकीर, अमक्या दिवशी सवारी. समदं त्या एका चाँदावर.

त्या सांजंला मालक सोलापूरला गेलेले. आत्याबाई रानात, हुरड्याला पाव्हणे हुते. मावळतीला खळ्यांची धूळ अन् आगट्यांचा धूर, नुसतं तांबडं गढूळ. मशिदीपाशी बाप्ये हात कपाळाला लावून बघत हुते, कुणाला काय दिसंना. खाला काठी टेकत माझ्या माळवदावर आली. म्हनली, तुजी नळी लाव.

दिवस बुडाला तशी म्या नळी चुंबळीत ठिवली अन् त्या तांबड्या उजेडातनं सावकाश फिरवाया लागले. धाटाचा उपेग न्हाय, कारण आभाळात काय दिसतच न्हवतं ज्याच्यावर धाट धरावं. खाली फिरवली, वर फिरवली, आडवी फिरवली. नळीत डोळा घातला की आपण किती वर गेलो, किती खाली, कळत न्हाय. अन् एकदम काय तरी पांढरं सरकून गेलं. परत आणलं. कोर. नखावानी. इतकी धारदार, इतकी चोख, की माझ्या अंगावर काटा आला. गढूळ आभाळात एकटीच. गावाला दिसत न्हाय अन् मला दिसतीया. मी वरडले. खाला, दिसला.

पयल्या दिवसाचा चाँद येवढा वर कसा असंल, हे माझ्या डोक्यात बी आलं न्हाय. शुक्राची चांदणी अजून उजेडात बुडालेली हुती, नुसत्या डोळ्याला घावली नसती, पर नळीला घावली. अन् तिला शिंगं असत्यात हे मला कुणी सांगितलं हुतं? मालकांना तरी कुठं ठाऊक हुतं.

म्या खालाला धरून आणलं, तिची हनुवटी धरून डोळा नळीला लावला. मला वाटलं दिसंना. मंग तिचा हात माझ्या मनगटावर आला, असा घट्ट, की बांगड्या रुतल्या. "हौ," म्हनली. "हौ गे. छोटा. मेरे बचपन का." अन् उजव्या डोळ्यातनं पाणी. मंग तीच कठड्याशी गेली अन् दिराला हाक दिली. दस्तगीर मामू तिचा धाकटा दीर, अलाव्याचा मुजावर. खाला खोटं बोलत न्हाय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. तिनं बघितला म्हनल्यावर दुसरा साक्षीदार कुणी मागितला न्हाय.

मंग ताशा. मंग उजेड ओसरला. मंग मी धाटावरनं बघितलं.

डोक्यात एकच, गप ऱ्हावं का. कुणाला कळणार हाय? एका गावात एक दिवस आदी, दुसऱ्या गावात एक दिवस मागनं, हे चालायचंच. खाला खुश, गल्ली खुश. अन् लगेच दुसरं, खोट्या चाँदावर कुदळ पडली अन् त्याच मोजणीवर माझी गोदी फकीर झाली तर? दोन गेल्यात. तिसरीच्या अंगावर मी हे कसं घेऊ? काखंत तिचं ऊन ऊन पोट माझ्या बरगडीला लागत हुतं. पाठीमागनं खाला परत म्हनली, और एक बार, बेटी.

मी तिला दाखवलं न्हाय. आले म्हनलं अन् जिना उतरले.

लुगड्याचा घोळ पायात येतोय, पोरगी काखंत, अनवाणी. आमच्या गल्लीत सून कधी बाप्यांच्या घोळक्यात बोललेली न्हाय, मी तर न्हायच न्हाय. अलाव्यापाशी पलिते पेटवलेले. दस्तगीर मामूनं बिस्मिल्ला म्हनून कुदळ डोक्यावर नेलेली. म्या पदर पुढं ओढला अन् तोंडातनं निघून गेलं.

"मामू, कुदळ मारू नगा. त्यो चाँद न्हाय."

ताशा थांबला. मामूची कुदळ तशीच वर. काय झालं पोरी, म्हनून इचारलं त्यांनी. म्या जमिनीकडं बघून सांगितलं की नळीत शुक्राची चांदणी हाय, तिला शिंगं हायती, मी चुकले. मागनं कुणीतरी म्हनलं, नवरा बाराचे तेरा वाजवतो अन् बायको चांदणीचा चाँद करती. लोक हसले. मामू हसले न्हायत. ते म्हनले, "भाभीनं बी बघितलाय. भाभी खोटं बोलली का?"

हेच. ह्याचीच मला भीती. मी म्हनलं त्या खरंच बोलल्या. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं. दाखवणारी मी, चूक माझी.

मामूनं कुदळ खाली ठिवली, जमिनीला न लावता, फडक्यावर. मंग काय, ते नळी बघायला निघाले. आमच्या दारात हुभं ऱ्हाऊन तीनदा वरडले, "वर येतोय." माळवदावर आले, धाटावरनं चांदणी बघितली, नळीत डोळा घातला. डोळा काढला, परत चांदणी बघितली. परत नळीत. अन् त्या दाढीवाल्या माणसाचं तोंड असं उघडं ऱ्हायलं जसं गोदीला पयल्यांदा गूळ चाटवला तवा झालतं. या अल्ला, म्हनले, चांदनी को सींग. अन् इतके हसले, इतके हसले, की खालनं लोक इचाराया लागले.

त्याच्या पुढची घटका मी जलमभर इसरणार न्हाय. गल्ली माळवदावर. आदी बाप्ये, मंग त्यांना खाली हाकलून बायका. चुंबळ सरकायची, मी बसवायची. चांदणी घरंगळायची, मी धाटावर आणून द्यायची. मी, जिला चिठ्ठीवर सही करताना हात कापतो, ती समद्यांना सांगतीया, श्वास धरा, दोन्ही डोळे उघडे ठिवा, नळीला हात लावू नगा. अन् जी ती बाई डोळा लावून आई गं म्हनायची, तवा मला वाटायचं त्यो चाँद मीच आताच लाटून काढलाय. चांदणी खाली खाली जाऊन लाल-हिरवी व्हायला लागली, पाण्यात पडल्यावानी, तवा कुठं लोक उतरले.

अन् मंग मी खालाला शोधलं. ती न्हवती. कवा उतरून गेली, मला दिसलंच न्हाय.

दुसऱ्या दिवशी खरा चाँद निघाला, उघड्या डोळ्याला, समद्या गावाला. ताशा वाजला, कुदळ पडली. मी खालाला हात धरून वर आणलं, नळी लावली. तिनं बघितलं. लई मोठा हुता नळीत, कडा कुरतडल्यावानी, मधल्या काळ्या अंगावर बी भुरकट उजेड. खाला लगेच बाजूला झाली. म्हनली, हा भाकरीयेवढा हाय, हा माझा न्हाय. रागानं न्हाय म्हनली. नुसतं सांगितल्यावानी. मोहरमात गोदीला हिरवं कापड तिनंच नेसवलं, दोरा तिनंच बांधला, पाच घरं तीच घेऊन फिरली.

समदं उरकल्यावर एक दिवस भिंतीपलीकडनं बारीक आवाजात म्हनली, ती चांदणी दिखाती क्या गे, सींगवाली. मी नळी घेऊन पळाले. मावळतीला काय बी न्हाय. मालकांनी पंचांग काढलं, शुक्राचा अस्त लागलेला. चांदणी दिवसाच्या उजेडात गेली. शुक्राच्या अस्तात लग्नं निघत न्हाईत येवढंच मला ठाऊक हुतं, त्यो अस्त असा एखाद्याच्या दारात येऊन बसतो हे ठाऊक न्हवतं.

परत ती सांजंला आली, पर गोल, शिंगं न्हायत. म्या रोज बघायची. चाँदागतच ती झिजत झिजत येती, नुसती लई सावकाश. दीड सालानं शिंगं फुटली तवा आषाढ-श्रावणाची झड, आभाळ उघडंना. त्याच्या पुढच्या बारीला पाडव्याच्या आदी आभाळ निवळ हुतं. अन् तवर खालाच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं उतरलेलं.

तरी तिला वर नेलं. आता काठी पुरत न्हवती, मी अन् गोदी दोन्ही बाजूंनी. धाटावर चांदणी आणली, नळीत कोर बघून घेतली, तीच, नखावानी. खालाची हनुवटी धरली, डोळा लावला. तिचा डोळा नळीवर चाचपडत हुता, नळीला दोनदा धक्का बसला. मंग ती थांबली. हसली. "हौ गे बेटी," म्हनली, "दिख्या. वोइच." अन् हात पसरून दुवा मागाया लागली.

तिची दुवा चालू असताना म्या हळूच नळीत डोळा घातला. नळीत काय बी न्हवतं. नुसतं आभाळ. धक्क्यानं चांदणी कवाच बाहेर गेलेली.

खाला गेल्या साली गुलबर्ग्याला लेकीकडं गेली. आता दिवस वाईट आल्यात, दिवेलागणीला कवाडं लागत्यात, माळवदावर लांबडं काय बी दिसलं तर बंदूक समजत्यात म्हनून मालकांनी नळी कणगीत ज्वारीच्या खाली पुरून ठिवलीया. मी सांच्याला अंगणातनंच वर बघते. यंदा बी चांदण्या तशाच, हाताला लागतील अशा, अन् माझं काळीज तसंच उड्या मारतंय, गुरूपाशी आज किती ठिपके असतील म्हनून. पर त्याच्या मागोमाग खाला येती डोळ्यापुढं.

पयल्या बारीला तिला दिसलं हुतं, ती आणखी एकदा दाखव म्हनत हुती, अन् मी खरं सांगाया पळाले. दुसऱ्या बारीला दिसलं न्हवतं, ती दिसलं म्हनली, अन् मी तोंड मिटून तिच्या शेजारी बसले, तिच्यासंगं हात पसरले. ती खोटं बोलत न्हाय म्हनून समद्या गल्लीला ठाऊक हुतं. मला कळंना झालंय की तिला खरंच काय तरी दिसलं, का माझं मन राखलं. अन् ह्यातली कुठल्या बारीला मी चुकले. तुमी असता त्या माळवदावर, तर तुमी काय केलं असतं?